नव्वदभोवतीचा गोल

सकाळी साडेनऊला लोखंडी कपाटात किल्ली फिरते न फिरते तोच टेबलावरचा फोन वाजला.

"वहीताई, दोनशे सतरा नंबरची वही कुठं आहे?" कुलसचिव बाईंचा आवाज. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"वाचायला दिलीय."

"कोणाला?"

उत्तर पाठ होतं, तरी वहीताईंनी रजिस्टर उघडलं. तीस वर्षांत त्यांनी रजिस्टर न बघता कोणाला काही सांगितलं नव्हतं. "चिमणीला. आठ तारखेला."

पलीकडे सुस्कारा ऐकू आला. "मग संपलंच. तीन वाजता समितीची बैठक आहे. रजिस्टर घेऊन या. तोवर कोणाशी बोलू नका."

वहीताईंना कोणाशी बोलू नका म्हणून सांगणं म्हणजे मांजराला दुधाची राखण करायला बसवणं. त्यांनी फोन ठेवला, कपाटाला पुन्हा कुलूप लावलं आणि त्या थेट जिन्याकडे निघाल्या.

विद्यापीठाच्या तंत्रज्ञान हस्तांतर कक्षात त्यांची नोकरी. कक्षाचं काम म्हणजे प्रयोगशाळेत कोणाला काही नवं सापडलं, की त्याचं पेटंट घ्यायचं आणि ते बनवू शकेल अशा कंपनीला वापरायला द्यायचं. शोध पहिल्यांदा कोणी लावला यावरून उद्या भांडण झालं तर पुरावा हवा, म्हणून प्रत्येक संशोधकाला पानांवर छापील आकडे असलेली वही मिळे. वही देणाऱ्या वहीताई. पान लिहून झालं की संशोधकानं सही करायची, उरलेल्या कोऱ्या जागेवर शाईनं तिरपी रेघ ओढायची, म्हणजे मागाहून कोणी काही घुसडायला नको. आणि दर शुक्रवारी वहीताई पानाच्या तळाशी 'वाचले, समजले' असं लिहून साक्षीदार म्हणून सही करत. वाचलेलं सगळं असे. समजलेलं ओ का ठो नसे. हे त्या स्वतःच सगळ्यांना हसून सांगत.

पण आज हसू येत नव्हतं. चिमणी ही रसायनाच्या प्रयोगशाळेतली संशोधक मुलगी. बारीक चणीची, हळू बोलणारी, वहीत मात्र ठसठशीत अक्षर काढणारी. दोन वर्षं राबून तिनं कागदाची एक पट्टी बनवली होती. औषधाच्या बाटलीवर ती चिकटवायची. बाटली वाटेत कुठं जास्त तापली आणि औषध वाया गेलं, तर पट्टीचा पिवळा रंग तांबडा होतो आणि पुन्हा कधी पिवळा होत नाही. ज्या आईला बाळाला लस टोचून घ्यायची आहे, तिला वाचता येत नसलं तरी कळावं. एक मोठी कंपनी ती पट्टी बनवायला राजी झाली होती.

कक्षाच्या छाननी अधिकाऱ्यांच्या खोलीचं दार उघडंच होतं. सगळे त्यांना छाननीसाहेब म्हणत. वहीताई मात्र अरे-तुरे करत, कारण सहा वर्षांपूर्वीपर्यंत हाच मुलगा त्याच रसायनाच्या प्रयोगशाळेत संशोधन करायचा आणि दर शुक्रवारी वही बगलेत मारून त्यांच्याकडे यायचा. एका जागी पाय ठरत नसे, म्हणून प्रयोगशाळेत त्याला भोवरा म्हणत. पुढं संशोधन अर्धवट सुटलं, शिष्यवृत्ती संपली आणि भोवरा या खुर्चीत येऊन स्थिरावला.

"झालं काय ते तरी सांगशील?" वहीताई खुर्ची ओढून बसल्या.

"वाईट झालं, ताई." त्यानं एक कागदांचा गठ्ठा पुढं सरकवला. "दुसऱ्या एका कंपनीनं आपल्या पट्टीचा अर्ज चौदा तारखेलाच दाखल केलाय. तीच पट्टी, तोच रंग, तीच कृती. अर्ज दाखल झाला की आपल्या गिऱ्हाईकाला जाऊन दाखवला. म्हणाले, विद्यापीठ कशाला, आम्हीच देतो, कमी भावात. आज पंचवीस तारीख. आपला अर्ज अजून लखोट्यात बंद."

"बाहेर कोणी फोडलं?"

"चिमणीचा थोरला भाऊ त्याच कंपनीत आहे. पॅकिंगच्या खात्यात. तिनं हे कोणाला सांगितलं नव्हतं." तो खिडकीबाहेर बघत राहिला. "आणि माझी जुनी वही. दोनशे सतरा. तीसुद्धा उचलली तिनं. कशाला हवी होती तिला माझी वही?"

"तुझं काय म्हणणं?"

"माझं म्हणणं कोण विचारतं? तिची नोंदणी रद्द करायचा आदेश तयार आहे. तीन वाजता सह्या."

वहीताईंनी गठ्ठा चाळला. बरंचसं डोक्यावरून गेलं. एक ओळ मात्र सरळ होती: थर दिलेला कागद अठ्ठ्याहत्तर अंशांवर चाळीस मिनिटं भाजावा.

"आणि आपला मसुदा?"

"कच्चा मसुदा तीन तारखेला तिनं दिला. तीन प्रती होत्या. एक तिची, एक पेटंटच्या वकिलांची, एक या कपाटात. त्यात नुसती कृती आहे. नावं, सह्या, ते सगळं पक्क्या अर्जात. तो एकोणीसला सीलबंद झाला. मीही पाहिलेला नाही."

कच्च्या मसुद्यात तीच ओळ शोधायला वहीताईंना वेळ लागला नाही. पण तिथं अठ्ठ्याहत्तर नव्हते, नव्वद होते. आणि नव्वदच्या भोवती पेनानं काढलेला गोल होता.

"हा गोल कसला रे?"

"कुठला?" त्यानं वाकून पाहिलं. "काय की. सहज काढला असेल. पोरं रेघोट्या मारतात."

"आणि आपले नव्वद, त्यांचे अठ्ठ्याहत्तर. चोरी केली तर आकडा का बदलला?"

"चोरलेलं तसंच्या तसं कोण लिहितं, ताई? थोडं इकडचं तिकडं करतातच." त्यानं गठ्ठा परत घेतला आणि कडा जुळवून दोन्ही हातांनी दाबून ठेवला.

चिमणी वाचनालयाच्या मागच्या पायरीवर बसली होती. तिच्याकडून प्रयोगशाळेची किल्ली सकाळीच काढून घेतली होती. मांडीवर वही, दोनशे सतरा नंबरची.

"ही घ्या," ती म्हणाली. "नाहीतर हीसुद्धा चोरली म्हणतील."

"भाऊ तिथं काम करतो हे का नाही सांगितलंस?"

"कोणी विचारलं नाही. तो खोकी बांधतो, ताई. मी काय करते असं घरी कोणी विचारलं तर तो सांगतो, आमची बहीण बाटल्यांना कागद चिकटवते." हसायला गेली आणि डोळे भरले. "आई फोन करतेय सकाळपासून. मी उचलला नाही."

वहीताईंना पाठीवर हात ठेवावासा वाटला आणि त्यांनी तो ठेवला. थोड्या वेळानं विचारलं, "मसुद्यात नव्वदला गोल का?"

"ती माझी चूक. आमच्या ओव्हनचा काटा खरं दाखवत नाही. आम्ही वहीत काट्यावरचाच आकडा लिहितो आणि त्याला गोल करतो, म्हणजे वाचणाऱ्याला कळावं की हा काट्याचा आकडा आहे, खरा नाही. मसुदा टाइप करताना घाईत खरा आकडा काढायचा राहिला. मग पेनानं गोल तेवढा केला. पक्क्या अर्जात दुरुस्त केलंय."

"पक्क्या अर्जात किती लिहिलेत?"

"पंच्याऐंशी."

"अठ्ठ्याहत्तर नाहीत?"

"छे. अठ्ठ्याहत्तरवर थर धरत नाही. चौथ्या दिवशी पापुद्रा सुटतो. मी करून पाहिलंय, वहीत आहे. तशी पट्टी कोणी विकली तर औषध नासेल आणि पट्टी पिवळीच राहील." तिनं मान वर केली. "त्यांच्या अर्जात अठ्ठ्याहत्तर आहेत?"

उत्तर न देता वहीताईंनी विचारलं, "आणि ही दोनशे सतरा कशाला नेलीस?"

चिमणीनं मान खाली घातली. "ते आत्ता नाही सांगता येणार. लखोट्यात काय आहे ते लखोटा उघडेपर्यंत बोलायचं नाही. कोणाशीच नाही."

"अगं, इथं तुझ्या गळ्याशी आलंय, आणि नियम कसला धरून बसलीस?"

"नियम छाननीसाहेबांनीच शिकवला. पहिल्या दिवशी. म्हणाले, लखोट्यातलं नाव सख्ख्या आईलाही सांगायचं नाही."

वहीताई उठल्या. नाव, असं ती म्हणाली होती. कृती नाही, रंग नाही, नाव.

प्रयोगशाळेत मामा एकटेच होते. प्रयोगशाळेचे परिचर, बत्तीस वर्षं तिथं. कोपऱ्यात तो ओव्हन, हिरव्या रंगाचे टवके उडालेला. दारावर चिकटपट्टीनं लावलेली एक चिठ्ठी होती: 'काट्यातून ५ वजा करा.' खाली सरांची, म्हणजे चिमणीच्या मार्गदर्शक प्राध्यापकांची सही आणि तारीख. तारीख तीन वर्षांपूर्वीची.

"हा नेहमीच पाच जास्त दाखवतो?" वहीताईंनी विचारलं.

"आत्ता पाच. आधी लई होता." मामांनी फडक्यानं हात पुसले. "तीन वर्षांखाली आतला तारेचा भाग बदलला. तेव्हा सर दोन दिवस थर्मामीटर घेऊन या स्टुलावर बसून होते. स्वतः मोजलं, स्वतः चिठ्ठी लिहिली. जुनी मी काढून टाकली."

"जुन्या चिठ्ठीवर किती होते?"

"बारा."

"चिमणीला ते बारा माहीत होते?"

"तिला कुठनं? ती आली तेव्हा वर्ष झालं होतं चिठ्ठी बदलून. तुम्हाला काय वाटतं ताई, त्या पोरीनं केलं असेल?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय. मला भांडी धुवायला ठेवलंय." मामा ओव्हनच्या दारावरून फडकं फिरवत राहिले. "पण रोज संध्याकाळी माझ्या भांड्यांची मोजणी तीच करून देते. आजपर्यंत कोणी केली नव्हती."

"तीन तारखेचा मसुदा पाहिलात कधी?"

"कागद बघायला मला चष्मा लागतो आणि चष्मा फुटून सहा महिने झाले."

वहीताई आपल्या खोलीत परतल्या तेव्हा एक वाजून गेला होता. डबा उघडलाच नाही. आधी त्यांनी पेटंटच्या वकिलांना फोन लावला.

"साहेब, मसुद्यातल्या नव्वदच्या गोलाचं तुम्ही काय केलंत?"

"मी काय करणार? चार तारखेलाच तुमच्या छाननी अधिकाऱ्यांना चिठ्ठी पाठवली की हा गोल कशाचा, आकडा नव्वदच धरू ना? उत्तर अजून यायचंय."

मग त्यांनी दोनशे सतरा नंबरची वही उघडली. सहा-सात वर्षांपूर्वीची शाई, थोडी तपकिरी झालेली. घाईचं, पुढं कललेलं अक्षर. पिवळ्यावरून तांबडा होणाऱ्या रंगाची मिश्रणं, पानामागून पान. पान बेचाळीस. पान त्रेचाळीस. तापमानाचा रकाना. प्रत्येक पानाच्या तळाशी तिरपी रेघ, आणि तिच्याखाली त्यांचंच अक्षर: 'वाचले, समजले.'

वहीताईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. कागदाच्या तुकड्यावर वजाबाकी केली, पुन्हा केली. शाळकरी पोरालाही जमेल अशी होती. चुकली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं.

तीन वाजता समितीच्या खोलीत पंखा फिरत होता. मधे कुलसचिव बाई, एका बाजूला काळा चष्मा लावलेले सर, दुसऱ्या बाजूला समितीचे सचिव म्हणून छाननीसाहेब, पुढ्यात आदेशाचा कागद. भिंतीशी चिमणी उभी होती. तिला कोणी बस म्हटलं नव्हतं. वहीताईंनी आधी तिच्यासाठी खुर्ची ओढली, मग आपल्यासाठी.

"रजिस्टर?" कुलसचिव बाईंनी हात पुढं केला.

"देते. त्याआधी चार प्रश्न विचारू का? उत्तरं छोटी आहेत."

"विचारा."

"सर, कच्चा मसुदा तुम्ही वाचलात?"

"नाही." सर कोरडेपणानं म्हणाले. "एक तारखेला डोळ्याचं ऑपरेशन झालं. पंधरा दिवस पट्टी होती. मी वाचला तो पक्का अर्जच."

"ओव्हनचा काटा नव्वदवर असला तर आत खरे किती?"

"पंच्याऐंशी. चिठ्ठीवर माझी सही आहे."

"चिमणे, तू सांग."

"पंच्याऐंशी."

वहीताई वळल्या. "आणि तू रे? तू सांग."

छाननीसाहेब किंचित हसले. "मला कसं ठाऊक असणार, ताई? मी कागदावरचा माणूस. गोलबिल मला कळत नाहीत."

"गोलाचं नाव मी आत्ता काढलंच नव्हतं," वहीताई म्हणाल्या. "मी काट्याचं विचारलं. गोलाचा काट्याशी संबंध आहे, हे तुला कोणी सांगितलं?"

 वहीताईंनी रजिस्टर मांडीवर ठेवलं. बोलायचं ठरवून आल्या होत्या, तरी सुरुवात जड गेली.

"मला रसायन कळत नाही. वजाबाकी कळते. ज्यानं मसुदा फोडला त्याच्या हातात नव्वद हा आकडा होता, गोलासकट. बाहेर गेला तो अठ्ठ्याहत्तर होऊन. म्हणजे फोडणाऱ्याला गोलाचा अर्थ माहीत होता. काट्याचा आकडा आहे, खरा काढायला पाहिजे, हे त्याला कळलं. वकील सुटले, कारण त्यांना गोल कळला नाही. त्यांनी तसं लेखी विचारलंय."

"मग प्रयोगशाळेतलंच कोणीतरी," कुलसचिव बाई म्हणाल्या. "म्हणजे ही मुलगीच."

"मलाही तसंच वाटलं असतं. पण हिनं वजाबाकी केली असती तर पाच वजा केले असते. हिला पाचच माहीत आहेत. सरांनीही पाचच केले असते, आणि सरांच्या डोळ्यांवर तेव्हा पट्टी होती. मामांना बारा आणि पाच दोन्ही माहीत, पण मामांनी मसुदा पाहिला नाही, आणि रोज ती चिठ्ठी पुसणारा माणूस जुना आकडा कशाला धरेल? नव्वदमधून बारा गेले की अठ्ठ्याहत्तर. बारा वजा करणारा माणूस असा पाहिजे, की ज्यानं तो ओव्हन वापरलाय, पण गेल्या तीन वर्षांत त्या दारापाशी उभा राहिलेला नाही. आणि ज्याच्या कपाटात मसुदा होता."

 आदेशाच्या कागदाचा कोपरा छाननीसाहेबांनी दुमडला, पुन्हा सरळ केला.

"सकाळी मी तुला विचारलं, हा गोल कसला. तू म्हणालास, रेघोट्या मारतात पोरं. तेवढं खोटं बोलला नसतास तर मी बहुतेक तिथंच थांबले असते." वहीताईंनी दोनशे सतरा नंबरची वही उघडून कुलसचिव बाईंसमोर ठेवली. पान बेचाळीस. तापमानाच्या रकान्यात ओळीनं सगळे आकडे, आणि प्रत्येक आकड्याभोवती गोल. "ही याची वही. गोल यानंच काढलेत. खाली सही माझी आहे."

 मग तो बोलला, आणि आवाज साहेबाचा नव्हता, शुक्रवारी वही घेऊन येणाऱ्या पोराचा होता.

"तो रंग माझा आहे, ताई. चार वर्षं घालवली मी त्यात. सर म्हणाले, कागदावर धरत नाही, यात काही दम नाही, सोड. मी सोडलं. आणि तीन तारखेला माझ्याच टेबलावर मसुदा येतो, त्यात माझं मिश्रण, थेंबाथेंबासकट. आणि मी काय करायचं? छाननी. शिक्का. पेटंट सरांचं आणि हिचं." त्यानं सरांकडे पाहिलं. "त्या कंपनीनं शब्द दिला होता, की शोधक म्हणून माझं नाव घालू."

"घातलं का?" वहीताईंनी हळूच विचारलं.

त्यानं मान हलवली. "मालकाच्या मुलाचं घातलं."

"आणि या पोरीचं काय होणार होतं? आदेश तूच लिहिलास."

"तिला दुसरीकडं कुठंतरी मिळालं असतं," तो म्हणाला, पण स्वतःलाच पटलं नसावं, कारण वाक्य संपेपर्यंत तो खाली बघायला लागला होता. "चौदा तारखेनंतर मला वाटलं, हे इतकं लवकर उघडकीला येणार नाही. मग तिच्या भावाचं कळलं आणि मी... तेच पुढं केलं."

वहीताईंना राग येत होता आणि रडूही येत होतं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळं कुठलंच धड येत नव्हतं. त्या कुलसचिव बाईंकडे वळल्या. "बाई, लखोटा उघडा. आज ना उद्या उघडायचाच आहे."

"त्याचा इथं काय संबंध?"

"मलाही नक्की माहीत नाही. पण ही मुलगी सकाळपासून त्याच्यापायी गप्प बसलीय."

सील तुटलं. कुलसचिव बाईंनी पहिलं पान काढलं. शोधकांची नावं. त्यांनी ते मनाशी वाचलं, मग चष्म्यावरून समोर पाहिलं, आणि कागद काही न बोलता छाननीसाहेबांपुढं सरकवला.

तीन नावं होती. पहिलं चिमणीचं. दुसरं त्याचं. तिसरं सरांचं. त्याच्या नावापुढं लिहिलं होतं: मूळ रंगमिश्रण यांचे, पाहा वही क्रमांक दोनशे सतरा, पान बेचाळीस ते एकसष्ट.

त्यानं ते पुन्हा पुन्हा वाचलं.

"मिश्रणाचा कागद मला प्रयोगशाळेच्या खणात सापडला होता," चिमणी म्हणाली. "कोणाचा ते माहीत नव्हतं. अर्ज लिहिताना शोधत गेले, म्हणून ताईंकडून वही नेली. मग सरांशी तीन दिवस हुज्जत घातली. ते नाही म्हणत होते. शेवटी म्हटलं, हे नाव नसेल तर माझंही घालू नका."

सरांनी काळा चष्मा नीट केला. "तिचं बरोबर होतं," ते म्हणाले. एवढंच, आणि तेही सहा वर्षं उशिरा.

"मला का नाही सांगितलंस?" त्यानं तिच्याकडे वळून विचारलं. "रोज समोरून जात होतीस. एका शब्दानं सांगितलं असतंस."

"नियम होता," चिमणी म्हणाली. "तुम्हीच शिकवलेला."

एकोणीस तारखेला सह्या झाल्या होत्या. त्यानं फोडलेल्या मसुद्यावरून त्या कंपनीचा अर्ज चौदालाच दाखल झाला होता. पाच दिवसांचा फरक, आणि त्या पाच दिवसांवर आता कोणाचाच इलाज नव्हता.

पुढचं सगळं कामकाजाचं होतं. कुलसचिव बाईंनी चिमणीच्या आदेशाचा कागद मधोमध फाडला. वकिलांना फोन झाला. ते म्हणाले, चोरीचा कबुलीजबाब आणि वह्या हातात असतील तर त्या अर्जाला आव्हान देता येईल, शिवाय त्यांच्या कृतीनं पट्टी बनतच नाही, हे गिऱ्हाईक कंपनीला आठवड्यात करून दाखवता येईल. लढाई मोठी आहे, पण हरलेली नाही. चिमणी बाहेर जाऊन आईला फोन करू लागली. दारातून तिचा आवाज येत होता, "हो गं, जेवते, आता जेवते."

आत तो जबाब लिहीत होता. एक पान भरलं, दुसरं अर्धं झालं. तारीख घातली, सही केली. मग खाली उरलेली कोरी जागा पाहून त्याचा हात सवयीनं आपोआप चालला आणि त्यानं त्या जागेवर एक तिरपी रेघ ओढली. ओढल्यावर त्याच्या लक्षात आलं, आणि त्यानं पेन खाली ठेवलं.

"साक्षीदार लागेल," कुलसचिव बाई म्हणाल्या.

कागद वहीताईंपुढं आला. त्यांनी तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सावकाश वाचला. अक्षर तेच, पुढं कललेलं. तीस वर्षांत त्यांनी हजारो पानांच्या तळाशी दोन शब्द लिहिले होते, आणि त्यांतला एक नेहमी खोटा होता. त्यांनी पेन उचललं आणि रेघेखाली लिहिलं: वाचले, समजले.